डोक्यावर नको, पायाखाली घाला!

वाचकांचे प्रश्न : कमी कार्बनचं काँक्रीट आणि आपल्याकडची राख, माती, चुना

मागच्या अंकात सिमेंटच्या भट्टीबद्दल लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हातून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: सिमेंटचा मूळ ऐवज म्हणजे क्लिंकर. चुनखडक आणि माती 1450 अंश सेल्सिअसपर्यंत भाजून तो करतात. जळणाचा धूर होतोच, पण त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द दगडातून सुटतो. 100 किलो शुद्ध चुनखडक भाजला की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो वायू हवेत जातो. भट्टीला कोळसा लावा नाहीतर चंदनाची लाकडं, या 44 किलोंत फरक पडत नाही. सगळं धरून एक टन क्लिंकरमागे साधारण 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड. तेव्हा क्लिंकरच कमी वापरायला हवा, असं मी म्हटलं होतं.

त्यावर जी पत्रं आली त्यांत एक वाक्य सारखं भेटलं: "आमच्याकडे अमुक फुकट पडून आहे, ते काँक्रीटमध्ये घालू का?" राख, माती, शिंपले, मळी. एकांनी तर नारळाच्या करवंट्या विचारल्यात. माझी सगळी नोकरी इंजिनीअरिंग कॉलेजच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, फोडण्यात गेली, त्यामुळे उत्तरं त्याच नजरेनं दिली आहेत. गोड मानून घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या भावाची राइस मिल आहे. बॉयलरमध्ये तूस जाळतात, त्याची काळी राख मिलच्या मागे ढीगच्या ढीग पडली आहे. उन्हाळ्यात घराचं काम काढतोय. ओळखीचा एक मुलगा सिव्हिल शिकलाय, तो म्हणतो राखेत सिलिका असते, स्लॅबच्या सिमेंटमध्ये पाव भाग राख घालू. घालू का? (गोंदिया जिल्हा)

स्लॅबमध्ये नको. आता राग न धरता पुढचं वाचा, कारण त्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि तुमच्या भावाच्या ढिगाऱ्यात खरोखर काहीतरी आहे.

भाताचं रोप जमिनीतली सिलिका (वाळूचा मूळ घटक) ओढून घेतं आणि तुसात साठवतं. तूस जाळलं की वजनाच्या साधारण 20 टक्के राख उरते, आणि नीट जळलेल्या राखेत 85 ते 90 टक्के सिलिका सापडते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातून थोडा चुना मोकळा होतो. हा चुना एरवी काँक्रीटमध्ये नुसता बसून असतो, ताकदीला त्याचा फारसा उपयोग नाही. राखेतली सिलिका त्याला धरते आणि सिमेंटचा जो चिकटा असतो तसलाच चिकटा तयार करते. म्हणून कागदावर हिशोब सुंदर दिसतो.

अडचण आहे ती आचेची. सिलिका अशी कामाला यावी तर तिचे स्फटिक बनलेले नसावे लागतात. तूस 500 ते 700 अंशांच्या दरम्यान सावकाश जळलं तर तशी राख मिळते. आच त्याच्या फार वर गेली आणि तिथंच राहिली, की सिलिकेचे स्फटिक होतात. मग ती राख आणि बारीक वाळू यांत फरक उरत नाही. आच कमी पडली तर कार्बन जळायचा राहतो, राख काळी येते. तुमच्या भावाच्या बॉयलरला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला वाफ हवी. लोड वाढला की तूस जास्त, लोड उतरला की कमी. एकाच ढिगात सकाळची राख एक जातीची, संध्याकाळची दुसऱ्या.

काळ्या राखेचा दुसरा वांधा जागेवर कळतो. उरलेला कार्बन पाणी पितो, आणि महागाचं प्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं रसायन) घातलं असेल तर तेही पितो. माल घट्ट वाटतो, गवंडी बादलीभर पाणी जास्त ओततो, आणि राखेनं जे द्यायचं ते त्या बादलीनं आधीच काढून घेतलेलं असतं. शिवाय तुसाच्या राखेचा कण आतून जाळीदार असतो. बॉल मिलमध्ये सिमेंटइतका किंवा त्याहून बारीक दळल्याशिवाय त्याचा गुण उतरत नाही. चाळून घेतली म्हणजे झालं, असं नाही.

आपल्या आय. एस. 456 या काँक्रीटच्या मानकात (2000 सालच्या) तुसाच्या राखेला परवानगी आहे, पण गुण तपासलेल्या आणि एकसारख्या राखेला. ढिगाला नाही.

तुमच्या राखेत किती दम आहे ते घरी पाहता येतं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर राख वर भुरभुरवा. काळी साय दाट तरंगत राहिली तर कार्बन भरपूर आहे, इथंच थांबा. नाही तर दळलेली राख दोन भाग आणि विरवलेल्या चुन्याची फक्की एक भाग घ्या, पाण्यात घट्ट मळून गोळा करा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा न ठेवता बांधा. शेजारी तसाच एक गोळा चुना आणि बारीक दळलेल्या वाळूचा. आठ-दहा दिवसांनी दोन्ही पाण्यात सोडा. वाळूचा गोळा विरघळायला लागेल. राखेचा टणक राहिला तर राख जिवंत आहे. (चुना हाताला आणि डोळ्याला भाजतो, हातमोजे घाला. आणि राख दळताना, चाळताना तोंडाला चांगला मास्क हवाच; सिलिकेची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.)

जिवंत निघाली तर कुठं वापराल? पायाखालच्या पीसीसीत (बिनसळईच्या काँक्रीटच्या थरात), जोत्याच्या आतल्या भरावावरच्या कोब्यात, अंगणातल्या पायवाटेत, कंपाउंडच्या ठोकळ्यांत. जिथं सळई नाही आणि खाली माणूस बसत नाही, अशा जागी. तिथं ताकद दोन आणे कमी भरली तर फारतर चीर पडेल. स्लॅब मात्र कंपनीच्या गोणीतल्या सिमेंटचाच करा. डोक्यावर प्रयोग नको, पायाखाली हौस भागवा.

आणि तरीही मोठ्या प्रमाणात करायचं असेल तर जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये क्यूब टाका, निम्मे साधे, निम्मे राखेचे. 7, 28 आणि 56 दिवसांनी फोडून घ्या. एम 20 या ताकदीच्या दर्जाच्या काँक्रीटचा 15 सेंटिमीटरचा क्यूब निदान 45 टनांपर्यंत उभा राहिला पाहिजे. फुटताना नुसता काटा बघू नका, तुकडे बघा. चांगला क्यूब चारी बाजूंनी कडा सोडतो आणि मधे डमरूच्या आकाराचा गाभा उरतो. वाईट क्यूब ठिसूळ होऊन ट्रेमध्ये सांडतो, आणि तुटलेल्या खडीला हात लावला तर खडी अगदी स्वच्छ सुटून येते, चिकटा कधी बसलाच नव्हता अशी. मी मुलांना आकडा लिहायच्या आधी ती खडी हातात घ्यायला लावायची.

साखर कारखान्याच्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेबद्दल सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या पत्रांनाही हेच उत्तर लागू. तिथं कार्बनचा त्रास बहुतेकदा आणखी जास्त.

प्रश्न : वाईला आमचा जुना वाडा आहे, दुरुस्ती काढली आहे. सिमेंट अजिबात वापरायचं नाही, घाणीचा (घाणीत दळलेला) चुना आणि सुरखी (विटेची भुकटी) वापरायची असं ठरवलंय. पाडलेल्या भिंतींच्या विटा दळून सुरखी होईल का? आणि चुना हा पर्यावरणाला सिमेंटपेक्षा चांगला, हे बरोबर ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथं बऱ्याच जणांचा समज घोटाळ्याचा आहे.

चुना म्हणजे भाजलेला चुनखडकच. वर दिलेला 44 किलोंचा हिशोब चुन्याला तर पुरेपूर लागू पडतो, कारण क्लिंकरमध्ये निदान माती मिसळलेली असते. किलोला किलो धरलं तर भट्टीच्या दारात कळीचा चुना काही सिमेंटपेक्षा सोवळा नाही. त्याची भरपाई दोन ठिकाणी होते. एक, भिंतीत बसल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत पुन्हा दगड व्हायला लागतो; हे काम वर्षानुवर्षं चालतं आणि जाड भिंतीच्या पोटात फार सावकाश. दोन, चुन्याच्या मालात चुना थोडा आणि सुरखी-वाळू बरीच असते. खरी बचत ही दुसरी. म्हणून सुरखी नीट नसेल तर सगळाच खटाटोप वाया.

आता विटा. सुरखी म्हणजे कुठलीही वीट कुटून केलेला लाल भुगा, असं हल्ली गवंडीही समजतात. जुने लोक विटा निवडून घेत. मातीतली चिकणमाती साधारण 600 ते 800 अंशांत भाजली की तिच्यातलं बांधून असलेलं पाणी उडतं, आतली रचना मोडते आणि ती चुन्याची भुकेली होते. 900-950 च्या पुढं गेली की नवी, पक्की रचना बसते आणि भूक संपते. त्यामुळे बांधकामाला जी वीट उत्तम, खणखणीत वाजणारी, ती सुरखीला कमी प्रतीची. आणि काळी-निळी झामा वीट तर अगदीच निकामी. भट्टीच्या बाहेरच्या थरातली, फिकट, नखानं ओरखडा उठणारी अर्धीकच्ची वीट गवंडी फेकून देतो, ती तुम्ही उचला. (अगदी कच्ची नको. पाण्यात टाकल्यावर चिखल झाला तर ती भाजलेलीच नाही.)

वाड्याच्या जुन्या विटा लाकूड-गोवरीच्या आचेवर भाजलेल्या असतात, त्यामुळे त्यांत चांगल्या सुरखीचा माल निघण्याची शक्यता बरीच. पण मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो आणि वरचा रंग पूर्ण खरवडून काढा, आणि खारावलेल्या विटा, म्हणजे पांढरी बुरशी आल्यासारख्या दिसणाऱ्या, बाजूला टाका. भुगा मैद्यासारखा बारीक हवा. जाडसर चुरा वाळूचं काम करेल, सुरखीचं नाही. गोंदियाच्या उत्तरात पिशवीतल्या गोळ्याची परीक्षा दिली आहे, तीच इथं करा.

सिमेंट अजिबात नको, हे भिंती, गिलावा, गच्चीचा कोबा इथपर्यंत मला पूर्ण मान्य आहे. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, आणि मग दोन पावसाळ्यांत पोपडे. पण स्वयंपाकघरावर नवी आरसीसी गच्ची चुन्याची करायची म्हणाल तर नाही. सळईला गंजापासून वाचवायला जो घट्ट आणि भरपूर अल्कली असलेला थर लागतो, तो चुना-सुरखी वर्षानुवर्षं टिकवेल याचा भरवसा मी देणार नाही. तिथं सागाच्या तुळया आणि पाटण जुन्या पद्धतीनं करा, नाहीतर सरळ सिमेंटची गोणी आणा. त्यात कमीपणा कसला?

प्रश्न : आमच्याकडे जांभ्याच्या खाणीवर चिरे कापताना लाल भुकटी निघते, तिचं काय करावं कळत नाही. शिवाय जिल्ह्यात चिनीमातीच्या खाणी आहेत. हल्ली मातीपासून सिमेंट करतात असं वाचलं. आमच्या मातीचं होईल का? (कुडाळ, सिंधुदुर्ग)

तुम्ही वाचलं ते बहुधा एलसी-थ्री, म्हणजे चुनखडक आणि भाजलेल्या चिकणमातीचं सिमेंट, असणार. वाईकरांच्या सुरखीचीच ही शिकलेली नात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं तंत्रविद्यापीठ, क्यूबातलं सांता क्लारा इथलं विद्यापीठ आणि आपल्याकडच्या दिल्ली, मद्रास, मुंबई इथल्या आयआयटी यांनी मिळून ती घडवली. ठरलेलं प्रमाण असं: क्लिंकर 50 टक्के, भाजलेली चिकणमाती 30, न भाजलेला चुनखडक 15, जिप्सम 5. माती 700 ते 850 अंशांवर भाजतात आणि तिच्यातून पाण्याची वाफ निघते, कार्बन नाही. चुनखडक तर भाजतच नाहीत, नुसता दळतात. साध्या सिमेंटच्या तुलनेत 30 ते 40 टक्के कार्बन वाचतो.

यातली हुशारी चुनखडकाच्या भुकटीत आहे. एरवी ती नुसती भर. पण भाजलेल्या मातीत अॅल्युमिना असतं, ते आणि चुनखडक मिळून नवे स्फटिक बनवतात आणि काँक्रीटमधली भोकं बुजवतात. म्हणून निम्मा क्लिंकर काढूनही ताकद टिकते, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड आत शिरायला वाट कमी मिळते. कोकणात सळया कशा फुगतात ते तुम्हाला मी सांगायला नको. 2023 मध्ये या सिमेंटसाठी आय. एस. 18189 हे भारतीय मानकही आलं.

चिनीमाती म्हणजे मुख्यतः केओलिनाइट, आणि या कामाला हीच जात सगळ्यांत चांगली. कप-बशीवाल्यांना लागते तशी पांढरीशुभ्र असायची गरज नाही; केओलिनाइट 40 टक्क्यांच्या आसपास असलं तरी भागतं. म्हणजे रंगानं मार खाल्लेली, खाणीवर वगळलेली तांबूस माती इथं चालून जाते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतही केओलिनाइट असतं, किती ते खाणीगणिक बदलतं. नमुना प्रयोगशाळेत देऊन तपासावं लागेल. डोळ्यांनी सांगता येत नाही. देशावरची काळी माती मात्र वेगळ्या जातीची, ती भाजूनही इतकी कामाची होत नाही. निदान या बाबतीत तरी कोकण देशावरच्यांच्या पुढं आहे, एवढं समाधान घ्या.

पण हे घरगुती काम नाही. आच राखणारी भट्टी, दळण, प्रत्येक लॉटची तपासणी, कारखान्याचंच प्रकरण. आणि खाणीवरची लाल भुकटी तशीच, न भाजता, काँक्रीटमध्ये ढकलू नका. कच्ची चिकणमाती पाणी पिते, खडीला सिमेंट चिकटू देत नाही, सुकताना आकसते.

मला विचाराल तर तुमच्या जिल्ह्यातलं सगळ्यांत कमी कार्बनचं बांधकाम म्हणजे खुद्द चिरा. भट्टी नाही, क्लिंकर नाही, खाणीतून कापला की भिंतीत. आणि लोक काय करतात, तर चिऱ्याच्या एकमजली घरालाही आरसीसीचे कॉलम-बीम उभे करतात, मधे चिरा नुसता भरायला घालतात, आणि वरून आतबाहेर सिमेंटचा गिलावा करून तो झाकून टाकतात! चांगल्या इंजिनीअरकडून भारवाहू चिऱ्याच्या भिंती, जोत्याला आणि लिंटेलला आरसीसीचा पट्टा, एवढंच डिझाइन करून घ्या आणि बाहेरून चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) भरून चिरा उघडा ठेवा. एम 20 च्या एका घनमीटरला साध्या प्रमाणानं आठेक गोण्या सिमेंट जातं. वगळलेल्या कॉलम-बीमचा हिशोब तुम्हीच करा.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात घालून काँक्रीट करायचे. आपला सह्याद्री ज्वालामुखीचाच आहे. मग आमच्या ग्रुपनं बेसॉल्टची पावडर सिमेंटऐवजी 20 टक्के घातली, तर प्रोजेक्ट चांगला होईल ना? (नाशिक)

प्रश्न झकास आहे, बाळा. उत्तर तुला आवडणार नाही.

इटलीतली ती राख हवेत उडाली आणि झटकन थंड झाली. स्फटिक बनायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे ती काचेसारखी राहिली, आणि चुन्याशी भिडते ती ही काच. आपल्याकडं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर आला आणि थरांवर थर पसरून निवांत गार झाला. त्याचे स्फटिक झाले. बेसॉल्ट उत्तम खडी देतो, उत्तम क्रशसँड देतो, पण पावडर केली म्हणून तो पोझोलाना, म्हणजे चुन्याशी भिडून चिकटा बनवणारा पदार्थ, होत नाही. (खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं सापडतात, ते चुन्याशी काम करतात हे खरं. पण ते गोळा करून काँक्रीट करायचं म्हणजे मोत्यांची खडी टाकण्यासारखं.)

तरी प्रोजेक्ट सोडू नकोस, प्रश्न बदल. 5-10 टक्के बारीक पावडर घातल्यावर तुमच्या क्यूबची ताकद कदाचित थोडी वाढेलही, आणि सगळे टाळ्या वाजवतील. ती वाढ रासायनिक नसून पोकळ्या भरल्याची असू शकते. म्हणून साध्या आणि बेसॉल्टच्या क्यूबसोबत तितक्याच बारीक क्वार्ट्झ (गारगोटीच्या) पावडरचा तिसरा सेट टाका. दोन्हींची ताकद सारखीच आली तर बेसॉल्टनं केलं ते नुसतं भरावाचं काम. हा तिसरा सेट मुलं टाळतात, आणि मग रिपोर्टमध्ये 'पोझोलॅनिक क्रिया' असं दणकून लिहितात. बाहेरून येणारा परीक्षक तिथंच पकडतो. निदान मी तरी पकडायची.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट घेतोय. बिल्डरच्या ब्रोशरवर 'ग्रीन काँक्रीट' लिहिलंय. खरं कसं ओळखायचं?

ब्रोशरवरून ओळखता येणार नाही. फ्लाय अॅश (वीज केंद्रातली कोळशाची राख) घातलेलं पीपीसी सिमेंट, ज्यात 15 ते 35 टक्के राख असते, आपल्याकडं सर्रास विकलं जातं. तेवढ्यावर ग्रीन म्हणणं म्हणजे पाण्याला शाकाहारी म्हणणं. साइट इंजिनीअरला विचारा की एका घनमीटरला सिमेंट किती किलो आणि त्यात क्लिंकर किती. स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट असेल तर त्यात स्लॅग 70 टक्क्यांपर्यंत असू शकतो, ती मोठी बचत. मग विचारा, सेंट्रिंग किती दिवसांनी काढता आणि पाणी किती दिवस मारता. मिश्र सिमेंट सावकाश ताकद धरतं. आय. एस. 456 त्याला किमान 10 दिवस क्युरिंग सांगतं आणि 14 पर्यंत न्यावं अशी शिफारस करतं. "आम्ही तीन दिवस पाणी मारतो" असं उत्तर आलं, तर काँक्रीट हिरवं आहे की पिवळं याची चिंता सोडा आणि दुसरा फ्लॅट बघा.

प्रश्न : चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत असत म्हणे. आमच्याकडं गुऱ्हाळ आहे. सिमेंटमध्ये गूळ घातला तर सिमेंट कमी लागेल का? (कराड)

चुन्यात गुळाचं पाणी चालतं. साखरेमुळे चुना जास्त विरघळतो, माल लोण्यासारखा फिरतो. सिमेंटचं अगदी उलट आहे. साखरेचा अगदी थोडा अंशही सिमेंटचं घट्ट होणं लांबवतो आणि जरा जास्त झाली तर ते धरतच नाही. रेडीमिक्सची गाडी वाटेत अडकली आणि ड्रममध्ये माल घट्ट व्हायला लागला तर ड्रायव्हर त्यात साखर टाकून ड्रम वाचवतात, ते याच कारणानं. तेव्हा काम चालू असताना काकवीचे डबे मिक्सरपासून लांब ठेवा, आणि गुळाची रिकामी पिंपं पाण्याला वापरत असाल तर आधी चांगली धुऊन घ्या.